घडीचा ड्रोन आणि बावीस बांध

कामिनी वसावेचा पहिला ड्रोन हवेत नाही, जीपच्या टपावर मेला. मोलगीच्या घाटात एका वळणावर जीप धचकली आणि कुणाचं तरी मिठाचं पोतं त्याच्यावर येऊन बसलं. खाली उतरून तिनं फडकं सोडलं, तर चारांतले दोन हात बुडापासून तुटलेले आणि एक मोटार आत दबलेली.

ड्रायव्हर वाकून बघत म्हणाला, "ताई, असं हातपाय पसरलेलं सामान या गाडीत टिकायचं नाही. मिटत असेल तर आणत जा."

कामिनीला राग आला. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. टपावर माणसं, आत माणसं, माणसांच्या मांडीवर कोंबड्या आणि पत्रे. जीप सोडली की पुढे दोन तास पायवाट, तीही दोन नाले उतरून चढायची. तिच्या उंबरकुंड पाड्याला जायचं तर वस्तू पाठीवरच्या पिशवीत मावली पाहिजे, नाही तर नेऊच नये. तुटके हात पिशवीत भरून ती पाड्यावर न जाता उलट पावली तळोद्याला परतली.

कामिनी सत्तावीस वर्षांची. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे, म्हणून ती वाढली ती फुईकडे, म्हणजे वडिलांच्या बहिणीकडे. फुईचं नाव जसोदाबाई. तिनंच कामिनीला आश्रमशाळेत घातलं, पुढे आयटीआयला पाठवलं. आता कामिनी तळोद्याला हेमकांतभाऊंच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसत असे. भिंगाखाली मुंगीएवढा सुटा भाग चिमट्यानं उचलून जागेवर डागायचा, हे तिच्याइतकं सफाईनं आसपास कुणी करत नव्हतं.

ड्रोनची गरज पडली ती एका ओळीमुळे. फुईचा वनहक्काचा दावा नाकारून आला होता. टाइप केलेल्या कागदावर कारण लिहिलं होतं: "उपग्रह प्रतिमेनुसार सदर क्षेत्रावर वृक्षाच्छादन दिसते. शेती आढळून येत नाही." पाड्यातल्या आणखी अकरा जणांना असाच कागद आला होता. नावं वेगळी, ओळ तीच. पूर्णविरामसुद्धा तिथंच.

फुईचं शेत होतं महूच्या, म्हणजे मोहाच्या झाडांखाली. उतारावर दगडाचे बांध घालून, माती अडवून आधी तिच्या बापानं, मग तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ते केलं होतं. झाडं तोडली नव्हती. महूची फुलं कोण सोडतो? झाडांच्या मधल्या पट्ट्यात मोर आणि भादी ही डोंगरातली बारीक धान्यं पेरायची, कडेनं तूर. आकाशातून बघणाऱ्याला फक्त झाडांचे माथे दिसत होते, आणि ज्या साली तो फोटो काढला त्या साली फुई त्या माथ्यांखाली निंदणी करत होती.

"मग आपणच खालून फोटो काढू," नवलसिंगदादा म्हणाले होते. ते पाड्याच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष. मोबाइलनं काढलेही. पण फोटोत एकेक बांध सुटा सुटा यायचा, तो कोणाचा, कुठला, काही कळायचं नाही. शहरातल्या एका मोजणीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, जिथवर गाडी येते तिथवर मी येतो.

होळीनंतर वीस दिवसांनी फेरसुनावणी होती. माघात महूची पानं गळतात आणि फुलं सरता सरता नवी पालवी फुटते. झाडं उघडी असतात ते हेच काही आठवडे. त्या दिवसांत शेताच्या माथ्यावर, झाडांहून थोडंच वर, तिरका धरलेला कॅमेरा नेला तर सगळे बांध एका चित्रात येतील, हे कामिनीच्या डोक्यात आलं, आणि एकदा आलं ते गेलं नाही.

जीपवाल्याचा शब्दही डोक्यातून गेला नाही. मिटत असेल तर.

तळोद्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं दुकानात एक मोडकी छत्री उसवायला घेतली. हेमकांतभाऊ प्रकाशा गावाकडच्या गुजर शेतकरी घरातले; जीभ तिखट, माणूस सरळ. ते काउंटरवरून ओरडले, "कामिनी, हाई काय चालनं तुन्हं? मोबाइल सोडीसन छत्री कसाले उसवी ऱ्हायनी?"

"मोबाइल झाले सगळे, भाऊ. हे बघा."

छत्रीच्या दांड्यात एक छोटा पत्र्याचा खटका असतो. छत्री उघडली की तो टक् करून बाहेर येतो आणि छत्रीला मिटू देत नाही. बोटानं दाबला की सोडतो. कामिनीला असे चार खटके हवे होते, ड्रोनच्या प्रत्येक हाताला एक. हात उघडला की खटका बाहेर, हात पक्का. उतरल्यावर चारही खटके दाबायचे, पुढचे हात मागे, मागचे पुढे, आणि सगळा ड्रोन भाकरीच्या डब्यात मावेल एवढा.

"तयार मियस ना बजारमा," भाऊ म्हणाले. "घडीना मियस. कसाले डोकं फोडी ऱ्हायनी?"

"मिळतो. पण तो पाड्यावर मोडला, तर त्याचा हात कुठून आणू? मोडला की झाडाखाली बसून मला दुरुस्त करता आला पाहिजे."

भाऊंनी मान हलवली. पण संध्याकाळी घरी जाताना जुन्या अँप्लिफायरची जाड हिरवी सर्किटची पाटी तिच्या टेबलावर ठेवून गेले. "मन्हा काय कामनी नही," एवढंच बोलले.

त्या पाटीतून तिनं दोन तबकड्या कापल्या; हात त्यांच्या मध्ये फिरणार होते. हातांसाठी बांबू हवा होता, वाळलेला, न किडलेला. तो नवलसिंगदादांनी पाठवला, तिरकामठ्यासाठी तीन वर्षं धुरावर ठेवलेल्यातला. ड्रोन हे पोरखेळाचं काम आहे असं त्यांचं मत होतं आणि ते निरोपात कळवायला ते विसरले नव्हते. कामिनीनं बांबू चिरला, पाठीला पाठ लावून चिकटवला, वर दोरा गुंडाळून इपॉक्सी चढवलं. बॅटरीसाठी बंद पडलेल्या ड्रिल मशीनमधले दोन चांगले सेल काढले. पहिल्या ड्रोनच्या तीन मोटारी शाबूत होत्या, चौथी मागवली.

पहिल्यांदा दुकानामागच्या मोकळ्या जागेत तो उडवला तेव्हा हिवताप चढल्यासारखा थडथडत होता. वर गेला, पण सगळा अंगानं कापत. चित्रात भिंत पाण्यातून दिसावी तशी दिसत होती. शेजारचे दोघे-तिघे हसले. कामिनीनं तो खाली घेतला आणि एकेक हात धरून हलवून बघितला. दोष खटक्यात होता. उघडल्यावरही सांध्यात केसाएवढी ढिलाई उरत होती. छत्रीला ती चालते. चार पंख्यांच्या यंत्राला चालत नाही. तिनं खटक्याच्या पोटाशी तांब्याची पातळ पट्टी बसवली, कानसून, बघून, पुन्हा कानसून. चौथ्या दिवशी हात उघडला तेव्हा टक् असा कोरडा आवाज आला. हातानं हलवला, हलला नाही. त्या दिवशी ड्रोन हवेत असा उभा राहिला की हसणारे चहा घेऊन बघायला आले.

मग वजन. अडीचशे ग्रॅमच्या आत राहिलं की नियम सैल असतात, हे तिनं वाचून ठेवलं होतं, आणि कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नव्हती. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ड्रोन ठेवला. दोनशे एकाहत्तर. तिनं कॅमेऱ्याचं कवच काढून टाकलं, वायरी आखूड केल्या, स्क्रूंची बाहेर आलेली टोकं कापली, तबकड्यांना भोकं पाडली. चार वेळा ती त्या काट्यापाशी गेली.

सोनार म्हणाला, "सोन्यासाठी माणसं असं झुरताना पाहिलीत. बांबूसाठी पहिल्यांदाच बघतोय."

दोनशे अठ्ठेचाळीस. नोंदणीचा क्रमांक कागदावर छापून तिनं तो पोटाशी चिकटवला आणि ड्रोन मिटवून पिशवीत टाकला.

होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराची गर्दी सुरू झाली होती. जीपमध्ये तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं दाबून बसली, एका म्हातारीनं तर तिच्या पिशवीवर कोपर टेकवून डुलकी काढली. पिशवीतल्या वस्तूला काही झालं नाही.

सकाळी, दरीतून वारा उठायच्या आत, ती आणि फुई शेताच्या माथ्यावर उभ्या राहिल्या. दावे फेटाळलेले बाकीचे लोकही आले होते, आणि हाताची घडी घालून नवलसिंगदादा. महू उघडे होते, काळ्या फांद्या आणि टोकांना कळ्यांचे झुबके. कामिनीनं चारही हात उघडले. टक्, टक्, टक्, टक्. ड्रोन उठला तशी झाडावरची पाखरं उडाली.

मोबाइलच्या पडद्यावर शेत उमटलं. आधी नुसती राखाडी चढण. मग ऊन तिरपं पडलं आणि दगडी बांधांच्या सावल्या रेघेसारख्या उठून दिसल्या, एकाखाली एक, उतारभर. फुईनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं शेत पाखराच्या जागेवरून बघितलं. मग तिनं तिच्या बोलीत मोजायला सुरुवात केली, बोट पडद्याला न लावता.

"हा पहिला तुझ्या आजानं रचला. हे सहा तुझ्या फुव्यानं आणि मी. हा पुरात वाहिला, पुन्हा घातला. आणि हा बघ, अर्धाच आहे. त्या साली तुझा फुवा वारला."

बावीस भरले. एकवीस पुरे आणि तो एक अर्धा.

दुसऱ्या शेतावर ड्रोन परत येताना पळसाच्या फांदीला घासला आणि नाल्यात पडला. फुई साडी खोचून खाली उतरली आणि दगडांतून तो उचलून घेऊन आली. मागचा डावा हात मधून चिरला होता. कामिनी झाडाखाली बसली, एक बोल्ट काढला, मोटार जादा आणलेल्या हातावर चढवली, तीन वायरी जोडल्या. चहा व्हायच्या आत ड्रोन पुन्हा वर होता.

नवलसिंगदादांनी हाताची घडी सोडली. "बांबू माझाच ना?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच, दादा."

"मग मोडला कसा?" असं म्हणून ते घरी गेले आणि आणखी दोन कांबी घेऊन आले.

दोन दिवसांत बाराही शेतं झाली.

सुनावणीला बाराही जण गेले. कार्यालयाच्या ओसरीत दुपारपर्यंत बसवल्यावर नाव पुकारलं गेलं. टेबलामागे उपविभागीय समितीचे साहेब, बाजूला कारकून. कामिनीनं फोटोंचे कागद पुढे ठेवले, प्रत्येकावर शेताचं नाव, तारीख, जीपीएसचे आकडे. साहेबांनी वरचा एक कागद उचलला.

"हे कुणी काढले?"

"मी."

"कोणत्या एजन्सीकडून?"

"एजन्सी नाही. ड्रोन मी बनवलाय." तिनं पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला.

साहेब त्या बांबूकडे आणि दोऱ्याकडे बघत राहिले. कारकून हसला. "घरी केलेल्या खेळण्याचे फोटो समितीपुढे चालत नाहीत," साहेब म्हणाले. "आणि हे उडवायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? जप्त करावं लागेल हे."

ओसरीतून आत डोकावणारी माणसं मागे सरकली. पण कामिनी ज्या आवाजात दुकानात गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगत असे, त्याच आवाजात बोलली.

"करा, साहेब. पण कोणत्या कलमाखाली ते लिहून द्या आणि पावती द्या. वजन दोनशे अठ्ठेचाळीस ग्रॅम आहे, काटा मागवा. नोंदणीचा क्रमांक पोटाशी आहे."

साहेबांनी ड्रोन उलटा केला, क्रमांक बघितला आणि परत ठेवला. जप्तीचं पुन्हा काढलं नाही.

"ठीक आहे. पण फोटो आजचे आहेत. हे बांध गेल्या वर्षी घातलेले नसतील कशावरून?"

"हा कागद बघा. नववा बांध. त्यातून पळसाचं खोड वर आलंय, दगड त्याच्या दोन्ही अंगांनी सरकलेत. मांडीएवढं खोड एका वर्षात होतं का?"

"फोटोवरून खोडाचं वय ठरत नाही."

"नाही ना?" कामिनी म्हणाली. "मग आकाशातल्या फोटोवरून शेत नाही हे कसं ठरलं?"

कारकुनाचं हसू गेलं. कामिनीनं पिशवीतून नियमांची प्रत काढली, खूण केलेलं पान उघडून साहेबांपुढे सरकवली. "उपग्रहाची प्रतिमा बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून घ्यायची, त्याच्या ऐवजी नाही, असं इथं लिहिलंय. माझे फोटोही पुरावा म्हणून नका घेऊ. नुसतं एवढंच कबूल करा की बघायला जायला हवं. तिथं आजवर तुमच्यातलं कुणीही आलेलं नाही."

"तिथे रस्ता नाही," साहेब म्हणाले.

मागे उभी असलेली फुई पुढे झाली. मराठी ती शाळेत शिकली नव्हती, बाजारात ऐकून शिकली होती. "रस्ता नाही म्हणून शेत नाही?" ती म्हणाली. "मी रोज जाते. तुम्हीपण चाला."

ओसरीत कुणीतरी "चाला!" म्हणालं. मग दुसऱ्यानं. बाराही जण दारात येऊन उभे राहिले आणि तारीख लिहून मिळेपर्यंत हलणार नाही, असं नवलसिंगदादांनी अगदी सावकाश, जणू हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. साडेचारला तारीख मिळाली. लेखी, शिक्क्यासह.

चैत्रात ते आले. साहेब स्वतः आले, हे सांगायला हवं. दुसऱ्या नाल्याच्या चढणीवर ते दोनदा बसले, फुईनं त्यांना पाणी दिलं आणि दोन्ही वेळा पुढे निघायला सगळ्यांत आधी तीच उठली. शेतावर त्यांनी बूट काढून बांधावर पाय ठेवला, दगडाखालची माती उकरून बघितली. पळसाच्या खोडाला टेप लावला. म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. पंचनाम्यावर "जुने दगडी बांध, लागवडीखालील क्षेत्र" असं त्यांनी कारकुनाला स्वतः सांगून लिहवलं. महूला नवी पानं फुटत होती; आणखी महिन्यानं वरून काहीच दिसलं नसतं.

श्रावणात बारांपैकी नऊ दावे मंजूर झाल्याचे कागद आले. तीन पुन्हा अडकले. ज्यांचे अडकले ते रडले नाहीत. कामिनीला म्हणाले, पुढच्या माघाला बघू.

फुईचा मंजूर होता. कार्यालयात नाव पुकारलं, साहेबांनी कागद तिच्या हातात दिला, कारकुनानं पावती आणि शाईचं पॅड पुढे केलं. फुईनं कागद कामिनीकडे दिला. "वाच."

कामिनीनं वाचला. क्षेत्राच्या आकड्यापाशी थांबली. नकाशाची रेघ सतराव्या बांधापाशी संपत होती.

"खालचे पाच यात नाहीत, फुई."

"का?"

"नाल्याच्या जवळ म्हणून सोडलेत, असं दिसतंय."

साहेब थकल्या आवाजात म्हणाले, "बाई, मिळतंय ते घ्या. इतकं तरी झालं ना."

"मिळत नाही," फुई म्हणाली. "माझंच आहे. तुम्ही लिहायचं बाकी ठेवलं होतं."

नवलसिंगदादांनी तिच्या कानाशी लागून सांगितलं की आधी घे, भांडण मागून कर. न घेतलं तर आहे तेही लटकेल. फुईनं ऐकलं, विचार केला. मग ती कामिनीला म्हणाली, "घेते. पण अंगठ्याच्या वर लिही. पाच बांध कमी आहेत, मला मान्य नाही, असं."

"पावतीवर असलं लिहायला जागा नसते," कारकून म्हणाला.

कामिनीनं पावती उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तिनं तिथं चार ओळी लिहिल्या, मोठ्यानं वाचून दाखवल्या, आणि फुईनं त्याखाली अंगठा असा दाबला की शाई कडेनं बाहेर आली. साहेबांनी ती पावती हातात घेऊन वाचली, कारकुनाकडे बघितलं, आणि फाइलला लावायला सांगितली.

हरकतीचा अर्ज त्याच आठवड्यात जिल्ह्याला गेला. सोबत खालच्या पाच बांधांचे फोटो, प्रत्येकाचा वेगळा. निकाल अजून आलेला नाही. मधल्या काळात पलीकडच्या डोंगरातल्या चार पाड्यांनी कामिनीला बोलावणं धाडलं आहे, आणि हेमकांतभाऊंनी दुकानात एक अख्खा खण बांबूच्या कांबींसाठी मोकळा करून दिला आहे, कुरकुरत.

फुईनं निकालाची वाट बघितली नाही. खालच्या पाचही बांधांत यंदा तिनं तूर घातली. आता तूर कमरेएवढी झाली आहे.